साडेपाचची गाडी

स्मरणिका समितीने संस्थेचा इतिहास लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात घातलं आणि इतिवृत्ताच्या वह्यांनी भरलेली पिशवी घरी पाठवून दिली. वह्या सगळ्या वाचल्या. त्यांत ठराव आहेत, सूचक-अनुमोदक आहेत, 'चहापानानंतर सभा संपली' आहे. मला जे हवं होतं ते मात्र हजेरीपटांत सापडलं. आपल्या हजेरीपटाला पहिल्या दिवसापासून एक जादा रकाना आहे, 'उशिरा येण्याचे कारण'. संस्था सुरू करणाऱ्या थोरल्या बाईंनी तो स्वतः पट्टी ठेवून आखला होता. पुढे छापील हजेरीपट आले तरी कडेच्या कोऱ्या जागेत तो हाताने आखला जातो. त्या रकान्यात कधी 'म्हैस व्याली' आहे, कधी 'ओढ्याला पाणी', कधी 'पाहुणे बघायला आले होते' (ती मुलगी बहुधा पुढच्या महिन्यापासून गैरहजर दिसते). बाकी पानंच्या पानं एकच कारण आहे. गाडी आली नाही.

म्हणून हा इतिहास मी गाडीच्या अंगाने लिहिते आहे. कोणाला तो एकांगी वाटला तर वाटो. पदाधिकाऱ्यांची यादी आणि देणगीदारांची नावं या अंकात दुसरीकडे आहेतच.

सुरुवात शिवणवर्गाची. 1972 च्या दुष्काळात आपल्या भागातल्या बायका खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेल्या होत्या. त्यांच्या लेकी वयात आल्या तेव्हा थोरल्या बाईंनी दूध डेअरीच्या माडीवर चार पायमशिनी मांडल्या. वर्गाची वेळ अकरा ते चार. ही वेळ कोणी ठरवली असं पुढे एका सरकारी तपासणीत विचारलं गेलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "एसटीने." सकाळची मुक्कामी गाडी मुलींना आणायची आणि साडेपाचची परत न्यायची. चारला वर्ग सुटला की दीड तास मुली स्टॅंडच्या बाकावर बसून काजं करायच्या. मीही त्यातलीच. साडेपाचची गाडी चुकली तर दुसरी गाडी नव्हती, आणि संध्याकाळी सातनंतर घरी पोचलेल्या मुलीचा वर्ग दुसऱ्या दिवशी बंद व्हायचा. बापाने बंद केला असं कोणी म्हणायचं नाही, 'तिचं लग्नाचं बघतोय' एवढंच म्हणायचे.

शिवणवर्गाबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही. गावोगाव होते तसाच एक. संस्थेला वेगळं वळण लागलं ते जळक्या मोटरींमुळे.

विहिरीवरच्या पंपाची मोटर जळणं म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल, म्हणून थोडं थांबते. थ्री फेज लाइनीतली एक फेज गेली आणि शेतकऱ्याच्या लक्षात आलं नाही, तर मोटर हुं हुं करत तापते आणि आतली तांब्याची तार जळते. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की हे रोजचंच. मग मोटर विहिरीतून वर काढायची, बैलगाडीत घालायची, तालुक्याला 'भरायला' टाकायची आणि आठ-आठ दिवस वाट बघायची. तोवर ऊस वाळतो, कांद्याची पात पिवळी पडते. आपल्या कार्यकारिणीवर तेव्हा वीज मंडळातून निवृत्त झालेले एक वायरमन होते. सगळे त्यांना वायरमनकाका म्हणत. एका सभेत त्यांनी मांडलं की मोटर भरणं हे शिवणकामच आहे, मुलींना शिकवू. इतिवृत्तात यावर 'चर्चा झाली' एवढंच आहे. चर्चा म्हणजे काय ते मी दाराबाहेरून ऐकलं होतं. ते छापता येणार नाही.

काकांनी पहिल्या दिवशी जळकी मोटर टेबलावर ठेवली. खापराच्या, म्हणजे मोटरीच्या बाहेरच्या स्थिर भागाच्या, खाचांतून काळी पडलेली तार ओढून काढायची, वेढे मोजायचे, तारेची जाडी मायक्रोमीटरने बघायची, कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत गेली आहे ते वहीत काढून ठेवायचं. मग खाचेत कागद घालून नवी वेटोळी बसवायची, टोकं जोडायची, दोऱ्याने आवळून बांधायची, वार्निश पाजायचं आणि वाळवायचं. दोऱ्याच्या बांधणीत आम्ही पहिल्या दिवसापासून काकांच्या पुढे होतो. गाठ कुठे लपवायची हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही. चुका व्हायच्या त्या जोडणीत. एक वेटोळं उलटं जोडलं गेलं की मोटर फिरायच्या ऐवजी गुरगुरायची. काका ओरडायचे नाहीत. वही पुढे करायचे.

पहिली मोटर ज्याची होती तो शेतकरी म्हणाला, "पोरींनी भरलेली मोटर इहिरीत सोडू का?" काका म्हणाले, "सोडा. विहिरीत गेल्यावर कोणी भरली ते पाण्याला कळत नाही." ती मोटर किती वर्षं चालली हे सांगायचा मोह होतो आहे, पण खरं म्हणजे मला आठवत नाही. जळून परत आली नाही एवढं नक्की.

या वर्गाने संस्थेला पैसा दिला, आणि त्याहून जास्त म्हणजे गावात एक सवय लावली. मुलगी पक्कड घेऊन बसली आहे हे दृश्य लोकांच्या डोळ्यांत मुरलं. पुढे 2001 नंतर एमएस-सीआयटीची लाट आली, आपणही संगणक घेतले, धूळ बसू नये म्हणून त्यांना शिवणवर्गातल्या मुलींनी झालरीची आच्छादनं शिवली. तो वर्ग आजही चालतो. त्याच्यावर लिहायला दुसरं कोणी योग्य.

दरम्यान खालच्या अंगाला चाकण बदलत होतं. बटाट्याचा बाजार म्हणून आमच्या वडिलांना ठाऊक असलेलं गाव गाड्यांचं गाव झालं. तिकडे रांजणगाव, अलीकडे तळेगाव. आयटीआय झालेली मुलं मोटरसायकलवर बसून कामाला जाऊ लागली. मुलींचं काय, हा प्रश्न थोरल्या बाई दर वर्षी पारितोषिक वितरणात विचारायच्या आणि दर वर्षी तीच गोष्ट सांगायच्या. 1974 मध्ये टेल्कोने इंजिनिअर हवेत अशी जाहिरात दिली आणि स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं खाली छापलं. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. त्यांना मुलाखतीला बोलावणं आलं आणि नोकरी लागली. गोष्ट आम्हाला पाठ झाली होती. एकदा एका मुलीने मधेच विचारलं, "बाई, पण त्या पहिल्या पाळीला यायच्या कशाने?" बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो प्रश्न डायरीत लिहून घेतला. ती डायरी माझ्याकडे आहे.

कायद्याचंही होतं. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 66 व्या कलमाने बायकांना कारखान्यात सकाळी 6 ते संध्याकाळी 7 एवढ्याच वेळात काम करायची मुभा होती. संरक्षण म्हणून केलेली तरतूद होती ती, पण पाळ्यांवर चालणाऱ्या कारखान्याला तेवढंच निमित्त पुरायचं. महाराष्ट्राने पुढे सुरक्षेच्या आणि वाहतुकीच्या अटी घालून रात्रपाळीची वाट मोकळी केली. वाट मोकळी झाली, पण कारखान्याच्या फाटकापर्यंतची. फाटक ते घर ही वाट तशीच राहिली.

आता विजेवरच्या गाड्यांकडे येते. थोरल्या बाई हे बघायला नव्हत्या.

विजेच्या वाहनांसाठीची केंद्र सरकारची फेम योजना एप्रिल 2015 मध्ये सुरू झाली, पण आमच्या कानावर ती आली दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल 2019 नंतर. त्या टप्प्याला दहा हजार कोटी रुपये ठेवले होते. त्याच वर्षी पुण्यात पीएमपीच्या विजेच्या बस धावू लागल्या. जानेवारी 2020 मध्ये जुनी चेतक स्कूटर बॅटरीवर परत आली आणि ज्यांनी तरुणपणी चेतकसाठी नंबर लावला होता अशा आपल्या काही सभासदांना भरून आलं. पण आमचा विजेवरच्या गाड्यांचा वर्ग सुरू झाला तो यातल्या कशामुळेही नाही. एका माजी विद्यार्थिनीच्या नवऱ्याने घेतलेली कमी वेगाची चिनी बनावटीची स्कूटर बंद पडली, दुकानदाराने हात वर केले आणि तिने ती टेम्पोत घालून संस्थेत आणून टाकली. "बाई, मोटर तर आहे. बघा भरता येते का."

आम्ही मागचं चाक उघडलं. हे मला अजून आठवतं. पंपाच्या मोटरीत वेढे बाहेरच्या खापरात असतात आणि मधला रोटर फिरतो. इथे सगळं उलटं होतं. वेढे आत आसाला घट्ट, आणि बाहेरची चुंबकं लावलेली कड चाकासकट फिरणारी. मोटर भरलेल्या मुलींनी एका नजरेत ओळखलं की ही आपलीच आहे, पालथी घातलेली. वेढे चांगले होते. बिघाड होता बोटाच्या नखाएवढ्या हॉल सेन्सरमध्ये. चुंबक कुठे आहे हे तो कंट्रोलरला सांगतो, आणि त्याने सांगितल्याशिवाय कंट्रोलर कोणत्या तारेत वीज सोडायची ते ठरवू शकत नाही. असे तीन सेन्सर असतात, त्यातला एक मुका झाला होता. बाजारात तो सेन्सर इतका स्वस्त मिळाला की दुकानदाराने हात का वर केले याचा राग आला. मग जाडजूड तीन तारा जोडायच्या होत्या, पिवळी, हिरवी, निळी. तीन तारा सहा तऱ्हांनी जोडता येतात. चुकलं तर चाक थरथरतं नाहीतर उलटं फिरतं. त्या दुपारी ते दोन्ही झालं. नंतर चाक सरळ फिरलं, आणि पहिल्या मोटरीच्या वेळी होता तसाच वार्निशचा वास नाकात आला, जरी त्या खोलीत वार्निश नव्हतं.

पहिल्या तुकडीत मुली इतक्या थोड्या होत्या की सगळ्या त्या एका स्कूटरभोवती मावत. पश्चिमेकडच्या, डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या ठाकर आणि महादेव कोळी समाजाच्या मुली त्यात होत्या. बारावी झालेल्या, विज्ञान शाखेला न गेलेल्या. त्यांना ओहमचा नियम फळ्यावर शिकवला तेव्हा वर्ग झोपला. मल्टिमीटर हातात दिला तेव्हा जागा झाला. मल्टिमीटरची कंटिन्युइटीची शिट्टी ही मुलींची पहिली लाडकी गोष्ट. पैंजण, सेफ्टी पिन, खिडकीचा गज, डब्याचं झाकण, सगळ्याला लावून बघायच्या. वाजतं का, वाजत नाही का. पुढची सगळी विद्या त्या शिट्टीवर उभी राहिली.

बॅटरी शिकवताना माळेचा उपयोग झाला. लोखंड-फॉस्फेटच्या एका सेलला 3.2 व्होल्ट, सोळा सेल एकामागे एक ओवले की 51.2. माळेतला एक मणी कच्चा असला तर सगळी माळ त्याच्या चालीने चालते. तो लवकर भरतो, लवकर रिकामा होतो आणि बीएमएस नावाचा पहारेकरी त्याच्यासाठी सगळ्यांचं जेवण थांबवतो. हे मुलींना चटकन कळलं. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना कळायलाच हवं.

मग दागिन्यांचा प्रश्न आला. एवढ्या व्होल्टला हात लावला तर सहसा झटका जाणवत नाही, म्हणून लोक बेफिकीर होतात. पण दोन टोकांमध्ये धातू आडवा पडला तर शेकडो अँपिअर त्यातून धावतात, पाना जागच्या जागी चिकटतो. म्हणून बॅटरीचं काम करताना अंगावर धातू नको हा नियम. बांगड्या, अंगठी, घड्याळ, गळ्यातलं. मुलींपैकी दोघी नव्या लग्नाच्या. एकीची सासू दुसऱ्या दिवशी स्वतः आली. वर्गाबाहेर चप्पल काढली, आत आली आणि मला म्हणाली, "गळ्यातलं काढायला लावता म्हनं." मी वाद घातला नाही. जुन्या मोटरसायकलची बॅटरी घेतली, बारीक तारेचा एक तुकडा पकडीत धरून दोन टोकांवर टेकवला. तार लाल झाली, पांढरी झाली, तुटून फरशीवर पडली आणि फरशीला डाग पडला. तो डाग अजून आहे. सासूबाई थोडा वेळ डागाकडे बघत राहिल्या. मग सुनेच्या गळ्यातलं स्वतः काढून आपल्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं आणि वर्ग संपेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिल्या. पुढे आपण शिवणवर्गाकडून नावं भरलेल्या कापडी पिशव्या शिवून घेतल्या. आजही बॅटरीच्या खोलीबाहेर त्या खुंट्यांवर टांगलेल्या दिसतात. पाहुणे त्यांचे फोटो काढतात.

हातमोज्यांची गोष्ट याच्या उलट. मोटारगाडीच्या बॅटरीत शेकडो व्होल्ट असतात, त्या तारा मुद्दाम नारिंगी रंगाच्या ठेवतात, आणि तिथे रबरी मोज्यांशिवाय हात घालायचा नाही. वापरण्यापूर्वी मोजा मनगटाकडून गुंडाळत आणायचा. आत हवा कोंडून बोटं फुगली पाहिजेत, कुठे फुस्स झालं तर मोजा बाद. हे सगळं ठीक, पण मोजे मागवले ते पुरुषी मापाचे आले. बोटांची टोकं रिकामी लोंबायची आणि त्यात नट धरता यायचा नाही. बूटही तसेच. सर्वांत लहान जोड मागवला तरी एका मुलीला तीन पायमोजे घालून तो भरावा लागला. सुरक्षेचं साहित्य बनवणाऱ्यांच्या डोक्यात कामगार म्हणजे कोण हे बुटाच्या पेटीवरच लिहिलेलं असतं.

वर्ग नीट लागतो न लागतो तोच मार्च 2020 आला. त्याबद्दल सगळ्यांच्या संस्थांनी लिहिलं आहे, आमचं निराळं नाही. आमचा खरा कस लागला तो दीड वर्षाने, एसटीच्या संपात. 2021 च्या दिवाळीच्या सुमारास संप सुरू झाला आणि पुरती वाहतूक सुरळीत व्हायला 2022 चा एप्रिल उजाडला. कर्मचाऱ्यांची बाजू आम्हाला समजत होती, स्टॅंडवरच्या कंडक्टरांना आमच्या मुली नावाने ओळखत होत्या. पण मुक्कामी गाडी बंद, साडेपाचची बंद. शाळकरी मुलींचा अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास दप्तरात पडून. वडाप जीपवाले दुप्पट पैसे मागायचे आणि मुलींना पुढे दोघींच्या जागेत चौघींना बसवायचे. पालकांनी जीप बंद केली. त्या सहा महिन्यांत ज्या मुली टिकल्या त्या दुधाच्या टेम्पोने आल्या. टेम्पो पहाटे पाचला निघायचा, म्हणून वर्ग सातला. हजेरीपटात त्या काळात उशिराचं कारण असं काही नाही. ज्या आल्या त्या वेळेआधी आल्या, ज्या आल्या नाहीत त्यांच्या नावापुढे रिकामे चौकोन आहेत.

त्याच वसंतात, मार्च-एप्रिल 2022 मध्ये, देशात ठिकठिकाणी ई-स्कूटर पेटल्या. पुण्यातला एक व्हिडिओ घरोघर पोचला. पालक जमले. या वेळी तार लाल करून दाखवण्यात अर्थ नव्हता, आग त्यांनी मोबाइलवर बघितलीच होती. आम्ही पेटण्याची कारणं मुलींनाच पालकांना समजावून द्यायला लावली: सेल आतून शॉर्ट होतो म्हणजे काय, उष्णता एका सेलमधून शेजारच्या सेलमध्ये कशी उडी मारते, भलता चार्जर का लावायचा नाही. एक वडील म्हणाले, "एवढं कळतं तर मग हिला शिकू द्या, घरात एक तरी माणूस हवं." पुढे डिसेंबर 2022 पासून सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या आणि आम्हाला अभ्यासक्रमाची दोन प्रकरणं नव्याने लिहावी लागली.

आता नोकऱ्यांबद्दल. इथे मला संस्थेच्या वतीने एक कबुली द्यायची आहे. समितीला ती छापायची नसेल तर छापू नये, पण मग हा लेखही छापू नये.

पहिल्या तुकड्यांचे अहवाल काढून बघा. 'सर्व विद्यार्थिनींना नोकरी' असं ठळक अक्षरांत आहे. ते खोटं नव्हतं. चाकण परिसरातल्या एका कारखान्याने मुली घेतल्या, फोटो काढले, आपणही पेढे वाटले. काम होतं वायर हार्नेसचं, म्हणजे गाडीच्या तारांची जुडी बांधायचं. तारेचं टोक सोलायचं, टर्मिनल दाबून बसवायचं, ओढून बघायचं, कपलरमध्ये खटकन आवाज येईपर्यंत ढकलायचं, फळीवरच्या खिळ्यांभोवती तारा फिरवून टेप मारायचा. मुली त्यात वाकबगार. पण पहिली पाळी सकाळी सहाची. कंपनीची बस हमरस्त्यापर्यंतच यायची. वाडीवरून हमरस्त्याला यायचं तर पहाटे साडेतीनला निघावं लागायचं. दुसरी पाळी सुटायची रात्री, तेव्हाही तेच. काहींनी चाकणला खोली केली. ठेकेदाराने मूळ रकमेतून कापाकापी केली, खोलीचं भाडं गेलं, मेसचे पैसे गेले, घरी काय पाठवायचं? चार महिन्यांत बहुतेक मुली परत आल्या. आणि आम्हाला ते कळलंसुद्धा नाही, कारण आम्ही विचारलं नव्हतं. आमचा आकडा पेढ्यांच्या दिवशी पूर्ण झाला होता. मला कळलं ते एका लग्नात. पंगतीत वाढणारी मुलगी ओळखीची वाटली म्हणून विचारलं, "सुट्टी काढलीस का गं?" ती वाढत पुढे गेली.

त्यानंतर दुसरी एक वही सुरू झाली. नोकरी लागल्यावर महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने प्रत्येक मुलीला फोन करायचा आणि ती कुठे आहे ते लिहायचं. अहवालात आता 'लागल्या' हा आकडा आपण देत नाही, वर्षभर टिकलेल्यांचा देतो. तो लहान असतो. एका देणगीदार कंपनीच्या साहेबांनी याचं कारण विचारलं, त्यांना वही दाखवली. त्यांनी पुढच्या वर्षी देणगी दिली नाही. नाव लिहीत नाही, त्यांचीही काही अडचण असेल.

वहीमुळे काही गोष्टी आपोआप सुचल्या. एकटी मुलगी पाठवायची नाही, एकाच भागातल्या चौघी मिळून पाठवायच्या. खोली आधी आपण जाऊन बघायची, घरमालकिणीशी आपण बोलायचं, आईला एकदा त्या खोलीत मुक्कामाला न्यायचं. कंपनीशी बोलताना पगाराच्या आधी बसचा शेवटचा थांबा विचारायचा. शिकाऊ उमेदवारी संपल्यावर पुढे काय, हे लेखी मागायचं. लेखी सहसा मिळत नाही, पण मागितल्याने समोरचा माणूस सावरून बसतो.

आणखी एक गोष्ट वहीने दाखवली. ज्या मुली फक्त तारा बांधत होत्या त्या लवकर गळत होत्या, ज्या बिघाड शोधत होत्या त्या टिकत होत्या. पगारात फरक होताच, पण कंटाळ्यातही होता. 'मुलींचे हात नाजूक, बारीक कामाला बरे' हे वाक्य मी आयुष्यभर पाहुण्यांच्या भाषणांत ऐकत आले. या मुलींचे हात बघा कधीतरी, भात लावणीने आणि मोळ्यांनी कसे झालेत ते. नाजूक म्हणायचं आणि दिवसभर एकच खटका दाबायला बसवायचं, असा त्या कौतुकाचा अर्थ असतो. म्हणून आपण अभ्यासक्रम बदलला. निम्मा वेळ बिघाड शोधण्याला. निदेशक मुद्दाम गाडी बिघडवून ठेवतात, फ्यूजच्या जागी जळका फ्यूज, ब्रेकच्या स्विचची तार सैल, थ्रॉटलचा कपलर अर्धवट. मुलीने मल्टिमीटर घेऊन यायचं आणि सांगायचं. सांगता आलं नाही तर काकांसारखी वही पुढे करायची. काका हयात असताना हा वर्ग बघून गेले. थ्रॉटल फिरवून म्हणाले, "स्टार्टर कुठंय?"

तामिळनाडूत कृष्णगिरी जिल्ह्यातला ओलाचा स्कूटर कारखाना पूर्णपणे बायका चालवतील आणि पुरता चालू झाल्यावर तिथे दहा हजार बायका असतील, असं सप्टेंबर 2021 मध्ये जाहीर झालं होतं. त्याचं कात्रण अजून फलकावर आहे. मुली ते वाचून विचारतात, त्या राहतात कुठे? चांगला प्रश्न आहे. आपल्याकडच्या जाहिरातींनाही तोच विचारावा.

अलीकडच्या दोन-तीन गोष्टी नोंदवून ठेवते. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर राज्याची पहिली एसटी धावली होती, आणि 1 जून 2022 ला त्याच मार्गावर विजेवरची शिवाई सोडली. ती बघायला आम्ही मुलींना नेलं, साध्या लाल गाडीने. 17 मार्च 2023 पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट झालं. आमच्या वर्गावर कुठल्याही वाहन धोरणापेक्षा याचा परिणाम जास्त झाला, हे मी वहीवरून सांगते. शनिवारी खोलीवरून घरी येणं परवडू लागलं आणि घरी येणं परवडलं म्हणून नोकरी टिकली. राज्याच्या पिंक ई-रिक्षा योजनेत बँकेचं कर्ज 70 टक्के, सरकारचे 20, बाईचे 10. ती आधी शहरांसाठी आली, पण आपल्या दोन माजी विद्यार्थिनी पुण्यात त्या रिक्षांची दुरुस्ती करतात. आणि ती पहिली स्कूटर टेम्पोतून आणणारी बाजाराच्या गावात दुकान टाकून बसली आहे. पाटीवर लिहिलं आहे, 'सर्व प्रकारच्या मोटरी भरून मिळतील', आणि खाली नव्या रंगात, 'ई-बाईक, कंट्रोलर, चार्जर'. उन्हाळ्यात तिच्याकडे अजून पंपच जास्त येतात.

साडेपाचची गाडी आता सहाला सुटते, आली तर. पण यंदाच्या तुकडीतल्या काही मुली स्वतःच्या गाडीवर येतात. जुन्या बाजारातून उचललेल्या, वर्गातच उघडून नीट केलेल्या ई-स्कूटर. एक गाडी, दोघी बसलेल्या, तिसरी वाटेत भेटली तर तीही. हेल्मेट एकच, त्यावरून माझं रोज भांडण.

परवा त्यातल्या दोघी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आल्या. मी काही बोलले नाही, हजेरीपट पुढे केला. एकीने वाकून कडेच्या रकान्यात लिहिलं, 'रात्री गावठाणची लाइट नव्हती. गाडी चार्ज झाली नाही.' मी खाली सही केली आणि लेटमार्क दिला.